स्वस्तातली की मधली? बोल्ट-ॲक्शन रायफल निवडीच्या प्रकल्प नोंदी

१३ जुलै २०२४

काम: पेनसिल्व्हेनियातल्या हरणाच्या सीझनसाठी पहिली रायफल घेणे. यंदा सीझन ३० नोव्हेंबरला सुरू होतोय. पूर्वी तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा, २०१९ पासून शनिवारी होतो. बजेट बाराशे डॉलर, त्यात रायफल, स्कोप, तो बसवायच्या रिंगा आणि सरावाची काडतुसं सगळं बसलं पाहिजे. सहा टक्के विक्रीकर वेगळा. ही मर्यादा माझी नाही, घरच्या अर्थखात्याची आहे. तिथे पुरवणी मागण्या मंजूर होत नाहीत.

कायद्याची बाजू आधी लिहून ठेवतो, कारण आपल्या मंडळींत याबद्दल बराच गोंधळ असतो. ग्रीन कार्डवर रायफल घेता येते. एच-वनसारख्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने मनाई आहे, चालू शिकार परवाना हाच त्यातला मुख्य अपवाद. पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. तो झालाय. स्थानिक प्रौढाचा साधा परवाना २०.९७ डॉलर, मादीचा वेगळा.

बोल्ट-ॲक्शनच का, म्हणजे दर गोळीनंतर बोल्ट नावाचा दांडा हाताने उचलून मागे-पुढे ओढायची रायफल? पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही. राहिल्या बोल्ट, लिव्हर, पंप आणि एकबारी. शेजारचे म्हातारबुवा जन्मभर पंपवर शिकार करत आलेत आणि बोल्टवाल्यांना हळू म्हणून हसतात. पण नवीन माणसाला बोल्ट बरी. आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं, आणि बोल्ट काढून खिशात टाकला की रायफल म्हणजे नुसती काठी.

कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप: .३०८ विंचेस्टर. १९५२ पासूनचं, कुठल्याही गावच्या दुकानात मिळणारं. ६.५ क्रीडमोर या दुसऱ्या काडतुसाचा धक्का साधारण एक-तृतीयांशाने कमी बसतो आणि लांबवर ते वाऱ्याला कमी दाद देतं, हे मान्य. पण इथल्या जंगलात शंभर यार्डांपलीकडे झाडंच आड येतात. .३०८ ची साधी काडतुसं वीसच्या खोक्याला २८ डॉलरला मिळतायत. विषय संपला.

२१ जुलै

बाजार पाहून झाला. सरळ दोन थर दिसतात.

खालचा थर चारशे ते साडेपाचशे डॉलरचा: रुगर अमेरिकन (२०१२ ची), सॅव्हेज ॲक्सिस, मॉसबर्ग पेट्रियट. वरचा थर साडेसहाशे ते हजारचा: टिक्का टी३एक्स, वेदरबी व्हॅनगार्ड, बर्गारा बी-१४. टिक्का फिनलंडमधल्या रीहिमाकीला साकोच्या कारखान्यात बनते. व्हॅनगार्डवर नाव अमेरिकन, पण ती बनते जपानला, होवाकडे. बर्गारा स्पेनची. म्हणजे ‘अमेरिकन शिकारी रायफल’ म्हणून लोक जरा जास्त पैसे मोजून जे घेतात, त्यातलं बरंचसं बोटीने येतं.

प्रश्न असा की वरचे तीन-चारशे डॉलर नेमके जातात कुठे? दुकानदार म्हणतो, क्वालिटी. मी पंपांच्या कारखान्यात मशीनिंग बघतो. क्वालिटी हा शब्द कानावर पडला की मला ड्रॉइंग बघावंसं वाटतं. तेव्हा उलटा प्रश्न घेतला: खालच्या थरात पैसा वाचवला कुठे?

याला मोठा इतिहास आहे. १८९८ च्या माउझर रायफलचा रिसीव्हर, म्हणजे ज्यात बोल्ट सरकतो तो भाग, घडीव पोलादाचा, चहूबाजूंनी मिलिंग केलेला, आणि बोल्टच्या कडेला रिकामं कवच ओढून काढणारा लांबलचक पोलादी पट्टीचा एक्स्ट्रॅक्टर. जन्मभर टिकणारं पण तासन्‌तास खाणारं काम. रेमिंग्टनने १९४८ मध्ये ७२१ आणि ७२२ काढल्या तेव्हा रिसीव्हर गोल केला. गोल म्हटलं की काम मिलिंग मशीनवरून लेथवर आलं. दस्त्यात रुतून धक्का झेलणारा दाता, म्हणजे लग, रिसीव्हरच्या अंगचा न ठेवता वॉशरसारखी वेगळी जाड चकती करून नळी आणि रिसीव्हरच्या मध्ये दाबून बसवला. हीच मांडणी पुढे १९६२ च्या मॉडेल ७०० मध्ये आली, आणि तिच्या बळावर ती रायफल घराघरांत गेली. म्हणजे आज जिला लोक अभिजात म्हणतात ती तिच्या काळची काटकसरच होती.

मला सगळ्यांत आवडली ती १९५८ ची सॅव्हेज ११०. हेडस्पेस म्हणजे बोल्टचं तोंड आणि काडतूस जिथे टेकतं ती जागा, यांतलं अंतर. ते काही हजारांश इंचांत बरोबर असावं लागतं. जास्त झालं तर पितळी कवच फाटू शकतं, कमी झालं तर बोल्ट बंद होत नाही. जुन्या पद्धतीत मुरलेला फिटर नळीचा खांदा थोडाथोडा कापत, गेज घालत, पुन्हा कापत ते जमवायचा. सॅव्हेजने नळीवर आटे लांब ठेवले आणि वर एक नट दिला. गेज आत ठेवा, नळी त्याला टेकेपर्यंत फिरवा, नट आवळा. फिटर वाचला, तासाचं काम मिनिटांवर आलं, आणि जोडणी आधीइतकीच अचूक, किंबहुना जास्त एकसारखी. आज स्वस्त थरातल्या कित्येक रायफलींच्या नळीच्या मुळाशी हा नट दिसतो. काही लोक त्याला कुरूप म्हणतात. माझ्या मते त्या अख्ख्या थरातला सर्वांत हुशार भाग तोच.

नळीचंही तसंच. कोल्ड हॅमर फोर्जिंग हे तंत्र दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत आलं. छिद्र पाडलेल्या पोलादी दांड्यात कठीण मँड्रेल घालायचा, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या आट्यांचा उलटा साचा, आणि बाहेरून चारी बाजूंनी हातोड्यांनी ठोकायचं. काही मिनिटांत आट्यांसकट नळी तयार. मशीन प्रचंड महाग, पण ते एकदा घेतलं की दर नळीमागे खर्च थोडा. टिक्काच्या नळ्या अशाच बनतात आणि रुगर अमेरिकनच्याही. म्हणजे नळीत, जिथे अचूकता जन्माला येते तिथे, दोन थरांत वाटतो तेवढा फरक नाही.

मग पैसा वाचला तो दस्त्यात (नळीखालपासून खांद्यापर्यंतचा भाग), मॅगझिनमध्ये (काडतुसांची पेटी), ट्रिगरच्या आजूबाजूला आणि शेवटच्या हातात. म्हणजे घासणं, पॉलिश, मशीनिंगच्या खुणा काढणं.

३ ऑगस्ट

दोन रायफली उसन्या मिळाल्या, दोन्ही .३०८. मालक दोघेही मांडीवर हात ठेवून शेजारी बसले होते. इथे फारशी कुणी कुणाला रायफल देऊन मोकळं होत नाही, आणि ते बरोबरच आहे.

थोरली म्हणजे ऑफिसातल्या नागपूरच्या भाऊंची टिक्का टी३एक्स. धाकटी खालच्या थरातली. तिच्या कंपनीचं नाव नोंदीत घालत नाही. एका नगावरून कारखान्याला नावं ठेवणं आमच्या धंद्यात बसत नाही.

धाकटीचा बोल्ट मागे ओढला की करकर ऐकू येते. रिसीव्हरच्या आत नख फिरवलं तर ब्रोचिंगच्या, म्हणजे आतली खाच कापण्याच्या, आडव्या रेघा लागतात. मालक म्हणाला, दोन सीझनमध्ये गुळगुळीत होईल. होईलही. थोरलीचा बोल्ट उघडून नळी खाली झुकवली तर तो आपल्याच वजनाने सरकत पुढे जातो, मधे कुठे अडत नाही, डुलत नाही. लेथच्या चांगल्या टेलस्टॉकवर हात ठेवला की जे कळतं तेच इथे कळलं.

ट्रिगर: स्प्रिंग गेज लावून धाकटी साडेचार पाउंडांच्या आसपास, दर खेपेला आकडा थोडा वेगळा. थोरली तीनला, दर खेपेला तीनलाच. धाकटीचा स्क्रू फिरवून तो कमी करता येतो. रुगर, सॅव्हेज सगळेच आता ॲडजस्टेबल ट्रिगर देतात. सॅव्हेजने या शतकाच्या सुरुवातीला ॲक्युट्रिगर आणला तेव्हापासून बाकीच्यांची पळापळ झाली, त्याचा फायदा आज चारशे डॉलरवाल्यालाही होतोय. आकडा कमीजास्त असण्याचं मला वावडं नाही, तो रोज एकच असावा एवढंच.

दस्ता. इथेच घोडं पेंड खातं. नळी आणि दस्त्याच्या पुढच्या भागात फट असावी लागते, म्हणजे नळी मोकळी कंप पावते. एक डॉलरची नोट घेऊन नळीखालून सरकवली. दोन्हींत गेली. मग धाकटीचा पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर टेकवून तळहाताने जरा दाबला आणि नोट अडकली. पोकळ प्लास्टिक आहे, वाकतं. म्हणजे नेम धरताना पट्टा ताणला किंवा फांदीवर रायफल दाबून टेकवली तर दस्ता नळीला शिवणार, आणि दर खेपेला वेगळ्या जोराने शिवणार. थोरलीची नोट तशाच दाबाखाली सुरळीत सरकली.

गंमत म्हणजे थोरलीतही प्लास्टिक कमी नाही. दस्ता प्लास्टिकचा, मॅगझिन प्लास्टिकचं, ट्रिगर गार्डसुद्धा. तरी त्या मॅगझिनला धाकटीच्या मॅगझिनचा खडखडाट नाही. धाकटीत तिसरं काडतूस भरताना ओठांपाशी अंगठा दुखेपर्यंत रेटावं लागतं, आणि मॅगझिन नीट बसलं की नाही हे खाली ओढून बघितल्याशिवाय कळत नाही. जाता जाता टिक्काच्या सुट्या मॅगझिनची किंमत विचारली. भाऊ म्हणाले, “ते विचारू नका राजेहो.”

एका बाबतीत धाकटी पुढे. तिच्या सेफ्टीचा खटका दस्त्याच्या मानेवर, अंगठ्याखाली, आणि सेफ्टी लावलेली असतानाही बोल्ट उघडून काडतूस बाहेर काढता येतं. टिक्कात सेफ्टी लावली की बोल्टही लॉक, त्यामुळे रायफल रिकामी करताना सेफ्टी काढावीच लागते. महाग म्हणून प्रत्येक गोष्ट सरस, असं मानणाऱ्यांनी हे बघावं. व्हॅनगार्डची तीन टप्प्यांची सेफ्टी मला या दोन्हींपेक्षा शहाणी वाटते.

२४ ऑगस्ट

स्टेट गेम लँडवरची, म्हणजे राज्याच्या शिकारी जंगलातली, सार्वजनिक रेंज. शंभर यार्ड, वाळूच्या पिशव्या, दोन्हींना एकाच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली काडतुसं.

इथे प्रत्येकाच्या खिशात तीन गोळ्यांचा एक कागद असतो. तीन छिद्रं एकमेकांना चिकटलेली, “बघ, अर्ध्या इंचाची रायफल.” तीन गोळ्यांचा गट हा नमुना म्हणून फार लहान. गोळ्यांचा विखुर नेहमीच्या यादृच्छिक पद्धतीचा धरला, तर त्याच रायफलच्या दहा गोळ्यांचा गट सरासरीने तीनच्या गटाच्या सुमारे १.६ पट मोठा येतो. पाचचा गट साधारण १.३ पट. रायफल तीच, माणूस तोच, फक्त नशिबाला कमी वाव. त्यामुळे ‘एक इंचाची हमी’ वाचताना ती किती गोळ्यांची आहे हे आधी वाचावं. टिक्का आणि व्हॅनगार्ड दोघांचीही हमी तीन गोळ्यांची आहे. खोटी नाही, पण शंभर यार्डांवर मिनिट ऑफ अँगल (अंशाचा साठावा भाग) म्हणजे १.०४७ इंच हे सांगणारा माणूस तीन आणि दहाचा फरक सांगत नाही.

म्हणून दहा-दहाचे गट, मधे नळी हाताला गार लागेपर्यंत थांबून. या बारीक नळ्या पाच-सहा गोळ्यांत तापतात.

धाकटी: १.८ इंच. थोरली: १.४ इंच.

धाकटीचा दस्ता मुद्दाम मागच्या बाजूला, मॅगझिनजवळ टेकवला होता. पुढचं टोक दाबून मारलेला गट वर-डावीकडे सरकला. नोटेने सांगितलं होतं तेच.

आता ०.४ इंचाचा अर्थ लावू. हरणाचं हृदय-फुप्फुस मिळून नेम धरायची जागा सुमारे आठ इंच व्यासाची. शंभर यार्डांवर १.८ काय नि १.४ काय. दोनशे यार्डांवर दुप्पट केलं तरी ३.६ आणि २.८. कागदावरच्या अचूकतेसाठी या जंगलात चारशे डॉलर जास्त द्यायचं कारण मला सापडलं नाही.

७ सप्टेंबर

गणेश चतुर्थी. काम बंद. उकडीचे मोदक जमले.

आईचा फोन. घरात शस्त्र येणार हे तिला अजून पटलेलं नाही. तिच्या डोक्यात शिकार म्हणजे १९७२ चा वन्यजीव कायदा आणि पेपरातली अटक. तिला सांगितलं की इथे हरणं इतकी वाढलीत की राज्यच दरवर्षी किती मादींचे परवाने द्यायचे ते विभागवार ठरवतं. ती म्हणाली, “वाढली असतील. पण तू कशाला?” पुढे आरतीची वेळ झाली.

१४ सप्टेंबर

बाकड्यावरून उठलो. हरीण बाकडं आणून देत नाही.

शंभर यार्डांवर जेवणाची नऊ इंची कागदी पत्रावळ. तीन पद्धती: बसून, गुडघ्यावर, आणि उभ्याने दोन काठ्यांच्या आधाराने. दोन्ही रायफली आलटून पालटून.

बसून मारलेल्या गोळ्या दोन्हींच्या पत्रावळीत, साधारण पाच-सहा इंचांत. गुडघ्यावर काही काठावर, काही बाहेर. उभ्याने मारलेल्यांबद्दल लिहिण्यासारखं नाही. रायफलचा १.८ आणि १.४ चा फरक माझ्या हाताच्या थरथरीत पार बुडून गेला. कागद बघून कुठली गोळी कुठल्या रायफलची हे मालकांनाही ओळखता आलं नाही.

फरक दुसरीकडे निघाला. पहिली गोळी झाल्यावर गाल दस्त्यावरून न उचलता दुसरं काडतूस चढवायचं, हा सराव. थोरलीत बोल्ट सत्तर अंशच उचलावा लागतो, तो सरकतो, पुढे ढकलला की काडतूस आत. डोळा स्कोपवरून हलत नाही. धाकटीतही उचल कमीच आहे, पण परत ढकलताना बोल्ट किंचित तिरका होऊन अडतो. अडला की हात जोर करतो, जोर केला की रायफल हलते, रायफल हलली की डोकं वर येतं. एकदा तर काडतुसाचं टोक वर चढून तिथेच बसलं. मालक म्हणाला, जरा जोरात मार. जोरात मारल्यावर चालतं, हे खरं आहे. पण पहिली गोळी चुकीची लागली आणि जनावर उभं असलं, तर त्या दोन सेकंदांत जखमी हरीण जंगलात गेलेलं मला नको आहे. मला चारशे डॉलरचं जे एकमेव पटणारं कारण मिळालं, ते हे.

२२ सप्टेंबर

हिशेब.

नवी थोरली ८५०, बेस-रिंगा ७०, स्कोप २८०. झाले बाराशे. काडतुसांना शून्य.

नवी धाकटी ४८०, रिंगा ४०, स्कोप २८०. आठशे. उरलेल्या चारशेत चौदा खोकी, म्हणजे २८० गोळ्या. गुडघ्यावरून मारायला शिकायचं तर त्या गोळ्या लागणारच.

स्कोपवर काटछाट करणार नाही. हरणं पहाटे आणि सांजेला बाहेर पडतात, आणि स्वस्त काच तेव्हाच दगा देते. तीन ते नऊ पटीचा, चाळीस मिलिमीटरचा साधा स्कोप पुरे. रेंजवर एकाने पाचशेच्या रायफलवर दीड हजारांचा स्कोप बसवलाय. नाकापेक्षा मोती जड.

थोडक्यात थोरली घेतली तर सराव नाही, सराव घेतला तर धाकटीचा बोल्ट. दोन्ही आकडे बायकोपुढे ठेवले. ती म्हणाली, “तू गाडी नवी घेतली होतीस का?”

५ ऑक्टोबर

नवी घेतली नव्हती.

शिकारी रायफल ही वापरलेली घ्यायला जगातली सर्वांत चांगली वस्तू असावी, आणि त्याचं गणित सोपं आहे. सरासरी शिकारी वर्षात स्कोप तपासायला चार-पाच आणि हरणावर एक-दोन गोळ्या झाडतो. दहा वर्षांत पन्नास ते सत्तर. .३०८ ची नळी काही हजार गोळ्या सहज काढते. म्हणजे दहा वर्षं वापरलेली रायफल नळीच्या दृष्टीने जवळपास नवी, आणि बोल्टचा गुळगुळीतपणा झिजण्याऐवजी वाढलेला. उतरलेली असते ती किंमत आणि दस्त्याचा रंग.

गावातल्या दुकानाच्या मागच्या रॅकवर टिक्का टी३. एक्सच्या आधीची, २००३ ते २०१६ मधली पिढी. .३०८. दस्त्यावर ओरखडे, बोल्टच्या मुठीवरचा काळा रंग गेलेला. दस्त्याच्या डाव्या बाजूला मास्किंग टेपची पट्टी, तिच्यावर पेन्सिलीने कुणीतरी यार्ड आणि इंच लिहून ठेवलेले: २०० खाली ४, २५० खाली ८. अक्षर ड्राफ्ट्समनसारखं. किंमत ५६०.

तपासलं: नळीचं तोंड भिंगाखाली, कड सगळीकडे सारखी. आत टॉर्च टाकून आटे बघितले, कुठे गंजाचे खड्डे नाहीत. बोल्टचे लग, म्हणजे बोल्ट बंद झाला की रिसीव्हरमध्ये अडकणारे दाते, दोन्ही बाजूंनी सारखेच चमकलेत, म्हणजे दोन्ही सारखे टेकतात. दुकानदाराच्या परवानगीने दस्ता उतरवला. टिक्कात धक्का झेलणारा लग रिसीव्हरला नसतो, तो दस्त्यात बसवलेला सुटा तुकडा असतो. जुन्या टी३ मध्ये तो ॲल्युमिनियमचा, टी३एक्समध्ये पोलादाचा केला. मोठ्या मॅग्नम काडतुसांनी ॲल्युमिनियमला दबल्याची खूण पडते असं लोक सांगतात. हा साफ होता.

बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म ४४७३ भरला. ग्रीन कार्डवाल्याला त्यात एलियन नंबर (परदेशी नागरिकाचा नोंदणी क्रमांक) घालावा लागतो. मग पिक्स, म्हणजे राज्य पोलिसांची पार्श्वभूमीची तपासणी. दुकानदार फोन कानाला लावून हवापाण्याच्या गप्पा मारत होता. होकार आला.

रायफल, बेस-रिंगा आणि स्कोप मिळून ९१०. उरले २९०, म्हणजे दहा खोकी.

जुनी रायफल घेताना एक बघायचं: तिचे सुटे भाग मिळतात का. रेमिंग्टन २०१८ आणि २०२० मध्ये, दोनदा दिवाळखोरीत गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावचा तिचा जुना कारखाना याच मार्चमध्ये बंद पडला. ज्यांच्याकडे ७०० आहे त्यांना चिंता नाही, तिचे भाग बनवणारे पन्नास आहेत. पण बंद पडलेल्या स्वस्त मॉडेलचं मॅगझिन हरवलं तर रायफल एकबारी झाली म्हणून समजा.

१२ ऑक्टोबर

दसरा. कॅलिपर, मायक्रोमीटर, टॉर्क रेंच आणि टिक्का पाटावर मांडले, हळदकुंकू, झेंडूच्या ऐवजी इथले क्रिसँथेमम. बोल्ट काढून वेगळा ठेवला होता. मुलाने विचारलं, लॅपटॉप का नाही? तोही ठेवला.

१९ ऑक्टोबर

स्कोप बसवला. रिंगांचे स्क्रू सतरा इंच-पाउंड, टॉर्क रेंचने, आडवेतिडवे आवळत. पंधरा ते अठरा ही बहुतेक स्कोपवाल्यांची मर्यादा. ‘हाताला घट्ट लागेपर्यंत’ हे माप आमच्या कारखान्यातसुद्धा कुणी मान्य करत नाही. स्कोपची नळी पातळ ॲल्युमिनियमची असते, आवळून चेपली की आतली भिंगं अडकतात आणि माणूस रायफलला दोष देत बसतो.

पंचवीस यार्डांवर कागदावर आणली, मग शंभरवर. स्कोपच्या खुंटीचं एक क्लिक म्हणजे कोनाचं पाव मिनिट, शंभर यार्डांवर पाव इंच. गोळी नेमाच्या दीड इंच वर लागेल अशी झिरो केली, म्हणजे स्कोप जुळवला. दहाचा गट १.५ इंच. मास्किंग टेप तशीच ठेवलीय. त्या माणसाची काडतुसं कोणती होती ते माहीत नाही, तेव्हा आकडे माझ्या उपयोगाचे नाहीत, पण अक्षर काढून टाकवत नाही.

२७ ऑक्टोबर

कुडाळहून काकांचा फोन. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे, वानरं आणि डुकरं पळवायला. मी म्हटलं, काका, फोटो पाठवा, मुलाला दाखवतो. ते म्हणाले, “खयचो फोटो? बंदूक ठाण्यात जमा आसा. इलेक्शन झाल्याशिवाय गावाची नाय.” २० नोव्हेंबरला मतदान. तोवर वानरांना मोकळं रान.

माझ्या रायफलची किंमत सांगितली, रुपयांत. बराच वेळ फोन शांत. मग विचारलं, “दुनळी आसा?” एकनळी म्हटल्यावर त्यांचा सौद्यातला रस संपला. इशापूरला बनणारी .३१५ एका ओळखीच्यांकडे त्यांनी पाहिलीय, ली-एनफिल्डच्या घराण्यातली बोल्ट-ॲक्शन. तिच्याइतकी मजबूत आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. आहे म्हटलं.

१६ नोव्हेंबर

सकाळी शून्याखाली. हातमोजे घालून सराव. जाड मोज्यात ट्रिगर गार्डमध्ये बोट जेमतेम शिरतं, तेव्हा उजव्या हाताला पातळ मोजा आणि खिशात गरम पुडी. मॅगझिन मोज्यासकट काढता-घालता येतं. बोल्टच्या आतलं जाड तेल पुसून काढलं. थंडीत ते गोठून फायरिंग पिनला हळू करतं.

आठ खोकी संपली. गुडघ्यावरून आता पत्रावळीत बसतायत. उभ्याने मारायचं नाही असं ठरवून टाकलं.

७ डिसेंबर

पहिल्या शनिवारी वारा आणि बर्फाची भुरभुर, दुसरं काही नाही.

आज सकाळी एक मादी, सत्तर यार्डांवर, बसून, झाडाला पाठ टेकवून. एक गोळी. आवाजानंतर हाताने आपसूक बोल्ट मारला आणि दुसरं काडतूस चढलं, डोळा स्कोपमध्येच होता. त्याची गरज पडली नाही. मादी चाळीस पावलांवर पडली.

टॅग भरून बांधला, मग म्हातारबुवांना फोन. त्यांनी शेजारी उभं राहून पोट फाडायला शिकवलं, स्वतः चाकूला हात लावला नाही. भगव्या जाकिटाचं पार वाटोळं झालं. डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच भगवं लागतं, तेव्हा आधी ते धुवायला टाकलं. दहा दिवसांत गेम कमिशनला, म्हणजे राज्याच्या शिकार खात्याला, कळवायचं असतं, ते रात्रीच केलं.

१५ डिसेंबर

साफसफाई. नळीतून तांबं काढणारा द्रव, मग कोरडे फडके, मग तेलाचा पुसट हात. दस्ता उतरवून लगाखाली गेलेलं पाणी पुसलं. ॲक्शनचे स्क्रू परत टॉर्कवर.

दीड खोकं उरलंय, लॉट नंबर झाकणावर लिहून ठेवला. वसंतात रेंजवर गेलो की आधी याच लॉटची पहिली थंड गोळी कुठे लागते ते बघायचं, मगच नवीन खोकं फोडायचं. धाकटीच्या मालकाने विचारलंय की दस्त्याच्या पोकळीत इपॉक्सी भरून तो कडक करता येईल का. करता येतो. ॲल्युमिनियमची एक नळी आत बसवली तर वजनही फारसं वाढणार नाही. जानेवारीत त्याच्या गॅरेजमध्ये करू म्हटलं. सामान: दोन भागांचं इपॉक्सी, खरखरीत सँडपेपर, मास्किंग टेप, आणि तपासायला एक डॉलरची नोट.